प्रवास स्वस्त होतो तो सॅकच्या वजनावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी खर्चात डोंगरातल्या एखाद्या निवांत गावी कसं जाऊन यावं, यावरचे लेख पर्यटन पुरवण्यांमध्ये वरचेवर येतात. त्यांत पाहण्याच्या ठिकाणांची यादी असते, खर्चाचा ढोबळ आकडा असतो आणि सूर्योदयाचं छायाचित्र असतं. पाठीला सॅक लावून बसने जावं, साध्या खोलीत राहावं आणि चार दिवस शांतपणे काढावेत असं ज्याच्या मनात आहे, त्याला लागणारी माहिती मात्र त्यांत नसते. खर्च नेमका कुठे फुगतो, अंगावर दुखणं कुठून येतं, परतीचा दिवस का चुकतो, यातलं बरंचसं घरातून निघण्याआधीच कळण्यासारखं आहे. ते वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र. ते नेहमीपेक्षा लांब झालं आहे, पण शक्यतो पूर्ण छापावं.

सुरुवात वजनापासून करायला हवी, कारण खर्चाचं मूळ तिथे आहे. डोंगरातल्या गावात बसथांबा बहुधा खालच्या अंगाला, मोठ्या रस्त्यालगत असतो आणि स्वस्त, शांत खोल्या वर, पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये असतात. पाठीवर पंधरा किलो घेऊन उतरलेला माणूस थांब्याजवळच्या पहिल्याच दारात शिरतो आणि सांगतील तो दर कबूल करतो, नाहीतर वर जायला गाडी करतो. सहा-सात किलोवाला तीन-चार खोल्या बघून मग ठरवतो. दुसऱ्या दिवशी पटलं नाही तर सामान उचलून बिऱ्हाड हलवतो. जवळच्या वाडीत चालत जातो, भरलेल्या बसमध्ये सॅक मांडीवर घेऊन बसतो. हा फरक रोज, दिवसातून दोन-तीनदा पडतो. खोलीच्या भाड्यात घासाघीस करून जेवढं वाचतं, त्याहून कितीतरी जास्त हलक्या सॅकने वाचतं.

तंबू-शिधा घेऊन अनेक दिवस चालायचं असेल तर पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावं असं म्हणतात. गावात खोली आणि अंथरूण-पांघरूण मिळणार असेल तर एवढ्याची गरजच नसते. १० ते १२ टक्के हे धोरण ठेवा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पाण्यासकट साधारण ७ किलो. हिशेब असा बसतो: रिकामी सॅक १.२ किलो, अंगावरचे सोडून बाकीचे कपडे २ किलो, उबदार जाकीट अर्धा किलो, पावसाळी जाकीट ३५० ग्रॅम, पातळ चादर ३०० ग्रॅम, औषधं आणि साबण-ब्रश मिळून अर्धा किलो, चार्जर आणि पॉवर बँक ४०० ग्रॅम, डोक्याला लावायची विजेरी १०० ग्रॅम, बाटलीसह एक लिटर पाणी १ किलो १५० ग्रॅम, कोरडा खाऊ ३०० ग्रॅम. एकूण ६ किलो ८०० ग्रॅम. यात तीन जोड कपडे बसतात आणि दिवस चार असोत की दहा, तीनच पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक रात्रीसाठी. रात्रीचा जोड दिवसा घालायचा नाही हा नियम मात्र कडक पाळा. काहीही झालं तरी झोपताना अंगावर कोरडं असलं पाहिजे. घरचा वजनकाटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग सॅक लावून उभे राहा आणि फरक काढा. अंदाज बहुतेक दोन किलोंनी चुकतो.

सॅक ३५ ते ४० लिटरची पुरते. ६० लिटरची घेतली की ती भरतेच, आणि ती मुळात रिकामीच दोन किलोंच्या आसपास असते. विकत घेताना लिटरच्या आकड्याइतकंच पाठीचं मापही बघा. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जो मणका ठळक वर येतो, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपने मोजा. सॅकच्या पाठीचं माप याच्याशी जुळलं पाहिजे. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही, त्यामुळे उंचीवरून सॅक घेणं चुकतं. लावताना सगळे पट्टे आधी सैल करायचे. मग कंबरपट्टा, तो बेंबीवर नव्हे तर कमरेच्या हाडांवर बसवून आवळायचा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे ताणपट्टे, आणि शेवटी छातीचा. नीट बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखालून बोट सहज सरकतं, कारण भाराचा मोठा हिस्सा कमरेवर गेलेला असतो. दुकानात रिकामी सॅक लावून आरशात बघण्याने काही कळत नाही. आत सात किलो घालून दहा मिनिटं जिना चढा-उतरा, मग कळतं.

भरतानाची चूकही नेहमीची. जड वस्तू बाहेरच्या खिशात जातात आणि मऊ कपडे पाठीला लागून राहतात. मग सॅक मागे ओढते, तोल सांभाळायला माणूस पुढे वाकतो आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. पाणी, पॉवर बँक, साबणाची पिशवी अशा जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध असाव्यात. कपडे तळाला आणि बाहेरच्या बाजूला, पावसाळी जाकीट सगळ्यात वर. बाहेर काहीही लोंबकळत ठेवू नका. बसच्या सामानकप्प्यात लोंबता पट्टा कशात तरी अडकतो, बक्कल पिचतं, आणि बक्कल गेलं की कंबरपट्टा निकामी होऊन सगळं ओझं खांद्यांवर येतं. एक जादा बक्कल, जाड सुई आणि मजबूत दोरा एवढं सामान काडेपेटीत मावतं.

पावसाचं सांगायचं तर सॅकवर चढवायचं रेनकव्हर हा अर्धाच उपाय आहे. पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी उतरतं, ते कव्हरच्या तळाशी साठतं आणि खालून वर कपड्यांमध्ये झिरपतं. वारा जोराचा असला तर कव्हर उडूनही जातं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेल्या सॅकच्याही शिवणींना सुईची भोकं असतातच. खात्रीचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. सॅकपेक्षा थोडी मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी आत घाला, सगळं सामान तिच्यात भरा, तोंडाला पीळ देऊन ते खाली दुमडा. सॅक चिंब झाली तरी आतलं कोरडं राहतं. परतल्यावर सॅक पूर्ण वाळवूनच ठेवा. आतल्या बाजूला पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पाणी अडवणारा थर असतो. ओलसर ठेवला तर तो चिकट होतो, कुबट वास येतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. तसं झालं की सॅक दुरुस्त होत नाही.

बुटांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे माणसं हमखास फसतात. चांगले चालायचे बूट जपून वापरायचे म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवले जातात. वरून चामडं चकाकतं, तळाची नक्षीसुद्धा नवी दिसते. पण तळ आणि वरचा भाग यांच्या मधला फेसाळ थर बऱ्याच बुटांमध्ये पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवत असतो. त्याची रासायनिक साखळी पाण्याने तुटते, आणि न वापरल्याने हे थांबत नाही. पहिल्याच चढावर टाचेपाशी फट पडते, पुढे पावलागणिक सोल टाळी वाजवल्यासारखा आपटायला लागतो, आणि फटीत बोट घातलं की शिळ्या केकसारखा भुगा हाताला लागतो. तिथे गोंद चालत नाही, कारण चिकटायला समोर घट्ट काही उरलेलंच नसतं. पक्की दोरी किंवा कापडी चिकटपट्टी बुटाभोवती गुंडाळून गावापर्यंत यायचं, एवढंच हातात राहतं. ही चिकटपट्टी पेनाभोवती दीड-दोन मीटर गुंडाळून नेली तर वजन जाणवतही नाही. निघण्याच्या महिनाभर आधी बुटाचा पुढचा भाग जोर लावून वाकवा, बाजूने अंगठ्याने दाबून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा पूड सुटली तर ते बूट नेऊ नका. ठीक वाटले तरी घराजवळ दोनदा आठ-दहा किलोमीटर चाला.

फोडांचंही इथेच सांगून टाकतो. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. तेव्हाच थांबून, पाय पुसून पट्टी लावली तर दोन मिनिटांत काम भागतं. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हटलं की पुढचे दोन दिवस खोलीत जातात. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात, म्हणून नखं आधी सरळ कापावीत आणि उतार सुरू होण्यापूर्वी घोट्यापाशी नाडी पुन्हा आवळून बांधावी.

थंडीचा अंदाज काढायला हवामानाचं ॲप लागत नाही. उंची दर १००० मीटरनी वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याच्या शहरात रात्री २० अंश असतील आणि गाव तिथून २००० मीटर वर असेल, तर गावात ७ अंशांची तयारी हवी, आणि वारा असेल तर त्याहून जास्त. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगालगत घाम पटकन वाळवणारा, त्यावर ऊब धरणारा, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना एक उतरवायचा, थांबल्याबरोबर चढवायचा. थांबून थंडी वाजायला लागल्यावर चढवला तर उशीर झालेला असतो. सुती कपडा आणि जीन्स या प्रवासाला नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, ओलं झालं की त्यातली ऊब संपते आणि अंगातली उष्णता ते ओढून घेतं. डोंगरातल्या दमट हवेत जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, म्हणून टोपी आणि रात्रीचे मोजे लोकरीचे असावेत. गाव थंडीचं असलं तरी ऊन सौम्य असतं असं समजू नका. दर १००० मीटरला अतिनील किरणांचा मारा सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि गार वाऱ्यात कातडी भाजते ते लक्षातही येत नाही.

खोली निवडताना दरीच्या तळातली घेऊ नये. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि तळाशी साचते. त्यामुळे निरभ्र, शांत रात्री उतारावरच्या मधल्या पट्ट्यापेक्षा तळच जास्त गारठतो. मधल्या उंचीवरची, पूर्वेला खिडकी असलेली खोली सकाळी लवकर तापते आणि ओले कपडेही तिथेच वाळतात. सामान टेकवण्यापूर्वी पाच मिनिटं काढून पुढचं बघा: गादी उचलून वास घ्या, कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावून ओल आहे का पाहा, गादीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके दिसतात का बघा, कारण ती ढेकणांची खूण असते. खिडकीची कडी लागते का तपासा. गरम पाणी किती ते किती येतं आणि कशावर तापतं हे विचारा. सौरऊर्जेवर असेल तर ढगाळ दिवसात ते मिळेलच असं नाही. जादा पांघरूण दिवसा उजेडीच मागून घ्या.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं. जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो जागं करत नाही. झरोका बंद असलेल्या न्हाणीघरातला गॅसचा गिझरही तितकाच धोक्याचा. यात घोळ असा होतो की या वायूच्या बाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणं अशी असते, आणि उंचीची बाधा, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेने होणारा त्रासही अगदी असाच सुरू होतो. माणूस म्हणतो, ‘उंचीमुळे होतंय, झोपलो की बरं वाटेल’, आणि त्याच खोलीत झोपतो. खोलीत काही जळत असेल, एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकदमच धरलं असेल किंवा मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटत असेल, तर वायूचा संशय धरा. सगळ्यांना आधी बाहेर काढा, मग दारं-खिडक्या उघडा आणि डॉक्टरांना दाखवा, बरं वाटलं तरी दाखवा. शेगडी विझवूनच झोपायचं, हा नियम कितीही थंडी असो, मोडायचा नाही.

उंचीची बाधा साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होते. म्हणजे दोन हजार मीटरच्या आसपासच्या गावांत बहुतेकांना तिची चिंता नसते. पण लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, पेरूमधलं कुस्को सुमारे ३४०० मीटरवर. अशा ठिकाणी विमानाने थेट उतरलं तर पहिले दोन दिवस काहीही न करता काढावे लागतात आणि ते दिवस खर्चात धरावेच लागतात. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच जागी एक जादा मुक्काम करावा. डोकं दुखतंय, भूक नाही, मळमळतंय, अशी लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी दम लागत असेल, सारखा खोकला येत असेल किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. शरीर चांगलं कमावलेलं असलं म्हणजे बाधा होत नाही, हा समज खोटा आहे. उलट धडधाकट तरुण भराभर चढतात आणि आधी सापडतात. ॲसिटाझोलामाइड हे या बाधेवरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं.

पिण्याचं पाणी विकत घेत राहिलं तर रोजचा खर्च वाढतो आणि गावात प्लॅस्टिकचा ढीग होतो. ते टाळता येतं. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पिण्याजोगं होतं. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं, कारण तिथे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं. क्लोरीनच्या गोळ्या वापरणार असाल तर वेष्टनावर एका गोळीला किती लिटर लिहिलंय ते बघा आणि निदान अर्धा तास थांबा, पाणी बर्फासारखं गार असेल तर आणखी. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, कारण क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. आधी पाणी निवळू द्या, कापडाने गाळा, मग गोळी टाका. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही जंतूंवर या गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून जिथे उकळणं शक्य आहे तिथे उकळणंच चांगलं.

खर्चाचं अंदाजपत्रक तीन खान्यांत मांडा. येण्या-जाण्याचा खर्च ठरलेला असतो, दिवस वाढले म्हणून तो वाढत नाही. दुसरा राहण्या-खाण्याचा, तो दिवसांच्या पटीत चालतो. तिसरा राखीव, पहिल्या दोहोंच्या बेरजेच्या २० टक्के. पहिला खाना एकदाच भरायचा असल्यामुळे एकाच गावात सहा दिवस राहणं हे सहा दिवसांत तीन गावं करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं, आणि आठवडाभर राहणाऱ्याला खोलीचा दर कमी करून मागताही येतो. ज्याला शांतता हवी आहे त्याचं तीन गावांत नाहीतरी काय काम? रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात हे बरोबर, पण ती बस पहाटे चारला बंद गावात सोडत असेल तर थंडीत कुडकुडत बसावं लागतं आणि खोली दुपारी मिळते. मग पुढचा अख्खा दिवस झोपेत जातो. अशा बसने जायचं असेल तर पहाटे दार उघडण्याचं आणि सॅक ठेवून घेण्याचं खोलीवाल्याशी आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्या.

रोख पैसे दोन जागी विभागून ठेवा आणि सुटे ठेवा. लहान गावात पैशांचं यंत्र एखादंच असतं. वीज किंवा नेटवर्क गेलं की तेही बंद आणि फोनवरून पैसे देणंही बंद. वळणावळणाच्या रस्त्यावर ज्यांना गाडी लागते त्यांनी मागची बाक टाळावी. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या भागाला झोका सर्वात मोठा बसतो. पुढे बसून नजर लांबच्या रस्त्यावर ठेवावी, फोनमध्ये घालू नये. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. परतीच्या बाबतीत एकच सांगणं आहे. डोंगरातली बस आणि पुढची आगगाडी किंवा विमान यांच्यामध्ये पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. दरड कोसळली, धुकं दाटलं किंवा शेवटची बस प्रवासी नाहीत म्हणून सुटलीच नाही, तर हाच दिवस तिकिटाचे पैसे वाचवतो. मोसम नसताना शेवटच्या फेरीची वेळ बदलते. ती थांब्यावरच्या माणसाला उतरल्या-उतरल्या विचारून घ्यावी.

गावातून पायी फिरायला निघताना वेळेचा हिशेब करायचा तो विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेल्या नियमाने. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आठ किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन तास ३६ मिनिटं. हा न थांबता चालणाऱ्याचा वेळ आहे. विश्रांती, वाट शोधणं, पाणी भरणं धरून साडेतीन तास समजा. अंधार पडण्याच्या दोन तास आधी गावात परत यायचं असं धरून मागे वळण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि ती झाली की टोक दिसत असलं तरी वळा. दऱ्यांमध्ये सूर्य डोंगराआड लवकर जातो, पंचांगातली सूर्यास्ताची वेळ तिथे कामाची नाही. सकाळी लवकर निघणं केव्हाही चांगलं, कारण उन्हाने तापलेली हवा वर चढून ढग आणि गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो. गडगडाट ऐकू आला की डोंगराची धार सोडून खाली यायचं, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा. नेटवर्क नसतानाही जागा दिसते, कारण ती उपग्रहांकडून कळते. नेटवर्क शोधत राहण्यात मात्र बॅटरी भराभर उतरते, म्हणून वाटेवर फोन विमान-मोडवर टाका आणि थंडीत आतल्या खिशात ठेवा. गळ्यात एक शिट्टी असू द्या. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची आंतरराष्ट्रीय खूण आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी मिळतं. आणि कुठल्या वाटेने जातोय, कधी येणार, हे खोलीवाल्यांना सांगितल्याशिवाय निघू नका.

डोंगराच्या धारेवर वसलेल्या गावांना पाण्याची टंचाई असते, भरपूर पाऊस पडत असला तरी असते, कारण पडलेलं पाणी थांबत नाही. गावाची भिस्त झऱ्यांवर. आपण शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहिलो की ते पाणी कुणाच्या तरी हंड्यातलं असतं. एका बादलीत अंघोळ होते. रिकामी वेष्टनं, संपलेले सेल परत घेऊन यावेत. तिथला कचरा उचलायला गाडी येतेच असं नाही, बऱ्याचदा तो दरीत जातो नाहीतर जाळला जातो.

आता संपादकांना विनंती. डोंगरातल्या कुठल्याही गावावर लेख छापाल तेव्हा त्याच्याखाली एक छोटी चौकट द्यावी. गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. त्या महिन्यातलं रात्रीचं किमान तापमान. बसथांब्यापासून वस्तीपर्यंतचं अंतर आणि चढ. परतीची शेवटची गाडी, मोसमातली आणि मोसम नसतानाची वेगवेगळी. पिण्याच्या पाण्याची सोय. पैशांची यंत्रं किती. सर्वात जवळचा डॉक्टर किती अंतरावर. सात ओळींत हे मावतं. जागा कमीच पडत असेल तर एखादं छायाचित्र लहान करावं, पण उंची आणि शेवटच्या गाडीची वेळ या दोन ओळी तरी गाळू नयेत.

आपला,
एक नियमित वाचक